सहा बोटं गॅस

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसत. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर. पट्टीवर पाणी किती चढलं ते पाहायचं, चाक फिरवून फाटक खालीवर करायचं आणि वहीत लिहायचं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, खात्याची अर्धी कपाटं तिकडे गेली, आणि त्याच सुमारास मामंजी रिटायर होऊन कोंढ्याला घरी आले. घरी कालवा नव्हता. दोन महिने बिचारे भिंतीवरच्या घड्याळाशी भांडले. मग त्यांना गोठ्यामागचा गोबरगॅस सापडला आणि माझी शांती संपली.

गोबरगॅस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीसारखा गोल खड्डा, त्यात शेणाचा काला, आणि त्यावर पालथी घातलेली मोठी लोखंडी टाकी. आत गॅस जमला की टाकी वर येते, गॅस जाळला की खाली जाते. टाकीतून एक पाइप घरात. गावात ज्यांच्याकडे अशी टाकी होती ते लोक मुकाट्यानं काडी लावायचे आणि भाजी शिजवायचे. मामंजींनी मात्र पारदर्शक नळी आणली, ती वाकवून फळीवर ठोकली, तिच्यात निळीचं पाणी भरलं आणि एक तोंड गॅसच्या पाइपाला जोडलं. गॅसचा जोर आला की निळं पाणी एका बाजूनं खाली दबायचं आणि दुसऱ्या बाजूनं वर चढायचं. दोन्हीतलं अंतर बोटं लावून मोजायचं. नुसत्या टाकीचा जोर तीन बोटं. मी चहा ठेवला की मामंजी फळीपाशी उभे राहून मोठ्यानं वाचायचे, "तीन बोटं." चहा तेवढ्यानं काही जास्त गोड होत नव्हता.

पुढे त्यांनी शोध लावला की टाकीवर वजन ठेवलं की जोर वाढतो. शोध कसला, सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त बोटं कोणी लावली नव्हती. आधी त्यांनी दोन दगड ठेवले. टाकीचं डोकं जरा उतरतं असतं. एक दगड घसरून काल्यात गडप झाला आणि त्याचे शिंतोडे मामंजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाले. दुसरा कडेला सरकला तर टाकी तिरपी होऊन तिला सरळ धरणाऱ्या खांबात अडकून बसली. शेवटी त्यांनी धानाचे दोन कट्टे, म्हणजे पोती, बरोबर मधोमध ठेवले. निळं पाणी सहा बोटं चढलं. मामंजी त्या दिवशी दोनदा जेवले.

आता ही सहा बोटं जिच्यासाठी लागत होती तिचं सांगते. माझी थोरली नणंद. मी तिला ताई म्हणायची. शहापूरला दिलेली. नवरा वारला, मूलबाळ नाही. पुढे दोन वर्षं तिनं सासूची सेवा केली, नऊ माणसांचं रांधलं, आणि एक दिवस कापडी पिशवी घेऊन कोंढ्याला निघून आली. खोटं कायला बोलू, मला नणंद नको होती. नणंद राहायला आली म्हणून कोणत्या सुनेनं साखर वाटली आहे? पहिल्या आठवड्यात मी भांडी जरा जोरातच आपटली.

ताई सरळ गोठ्यात यायची. ती माझ्यासोबत शेणाचा काला कालवायला बसायची. एकदा मीच विचारलं, "तिकडं काही त्रास होता काय जी?"

"त्रास कायचा?" ती म्हणाली. "मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते. सकाळी उठलं का, 'भात झाला काय?' संध्याकाळी, 'भात झाला काय?' दोन वर्षांत मले दुसरं कोणी काही विचारलंच नाही."

त्या दिवसापासून मी भांडी आपटायची बंद केली. शिवाय अर्धं शेण ती कालवायची, तेही खोटं नाही.

ताईच्या हातचा खवा मात्र पाहण्यासारखा असायचा. घरी दोन म्हशी, शेजारचंही दूध मिळायचं. अड्याळच्या एका हलवायाला रोजचा खवा पाहिजे होता. तो ताईला म्हणाला, तीनदा करून दाखवा, तीनमध्ये एकदा जरी माझ्या मनासारखा निघाला तर रोजचं काम तुमचं. झालं, मामंजींना काम मिळालं. त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून भोकं पाडलेलं लोखंडी कडं करून आणलं, ते गॅसच्या पाइपाला जोडलं, आणि ताईनं त्याच्याभोवती मातीची भट्टी लिंपली. वर लोखंडी कढई. परसात भट्टी, भट्टीशेजारी फळी, पलीकडे गोठा आणि टाकी. सगळं एका हाकेच्या अंतरावर.

तेवढ्यात शहापूरहून निरोप आला. ताईचे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, तिला न्यायला येणार. मामंजी एरवी धीट माणूस. कालवा फुटला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते म्हणतात. पण लोक काय म्हणतील म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांना 'नाही' म्हणवेना, 'हो'ही म्हणवेना. मग त्यांनी शहापूरला उलटा निरोप धाडला: हलवायाचं काम लागलं तर पोरगी इथंच राहील, नाही लागलं तर तुमच्यासोबत येईल. आणि हलवाई तिसऱ्यांदा येणार त्याच दिवशी पाव्हण्यांनाही बोलावून ठेवलं, म्हणे एकाच दिवशी निकाल.

मी चिडले. "मामंजी, माणसाचं असं मोजून ठरवते काय कोणी?"

"मंग न मोजता कसं ठरवू?" ते म्हणाले. खरंच विचारत होते.

पहिला खवा कट्ट्यांचा शोध लागायच्या आधी, तीन बोटांवर झाला. मंद आचेवर दूध उकळत बसलं, खवा लालसर निघाला, हलवायानं वास घेऊन परत केला. दुसऱ्या वेळी दोन कट्टे ठेवले, सहा बोटं मिळाली, सगळं झकास चाललं होतं. पण खवा गोळा व्हायला लागला की कॉक अर्धा बंद करून आच कमी करायची असते, आणि कॉकवर होते मी. समोरच्या घरात भांडण लागलं होतं, मी ते ऐकत होते. खवा बुडाला लागला. ताई कढई घासायला बसली, मामंजींनी वहीत लिहिलं, "कॉक उशिरा." वाटलं त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

राहिली तिसरी वेळ. सकाळी दहाला हलवाई येणार, आणि त्याच्या आधी पाव्हणे. आदल्या दिवशी मी विचार केला, उद्या पाव्हणा शहापूरहून येऊन राहिला, आणि घरात तांदूळ दोन मापं. नवं धान अजून खळ्यात पडलेलं. मी गावातल्या बंडीवाल्याला हाक मारली आणि जुन्या धानाचे शेवटचे दोन कट्टे मिलीत कांडायला धाडून दिले. मोठ्या हुशारीनं. ते कट्टे कुठून उचलून दिले हे माझ्या डोक्यातच आलं नाही. टाकीवर पडले आहेत, नुसतेच तर पडले आहेत, असं वाटलं.

सकाळी मामंजी फळीपाशी गेले आणि त्यांचा आवाज आला, "तीन बोटं. काहून तीन बोटं?"

मग टाकी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ताई दूध गाळत होती, तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, कट्टे कधी येतील?"

"दुपारी," मी म्हणाले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. हातानं करून घातलं होतं ना.

सारा गाव धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला गेलेला, हाक मारायला माणूस नाही. नवरा नोकरीवर भंडाऱ्याला. मी पदर खोचला आणि स्वतः टाकीवर चढून बसले. मामंजींनी बोट लावलं. "चार," ते म्हणाले. "तुझ्यानं एकच बोट वाढते. तू जेवत नाही बरोबर." आणि मी टाकीवर बसले तर कॉकवर कोण? मामंजी फळी सोडायला तयार नाहीत. मी उतरले आणि गोठ्याला टेकून चक्क रडायला लागले. कट्टे नाहीत म्हणून नाही. ताई पिशवी घेऊन परत जाईल आणि ते माझ्यामुळे, म्हणून.

तेवढ्यात फाटकापाशी मोपेडचा आवाज आला आणि पाव्हणे उतरले. मोपेडनं सुटकेचा श्वास घेतला असावा. काय सांगू, माणूस असा भरलेला, की दाराच्या चौकटीतून यायला जरा तिरपा झाला. "जयभीम," ते म्हणाले. मामंजी "जयभीम" म्हणाले खरे, पण ते पाव्हण्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. वरून खाली, खालून वर, कट्ट्याकडे पाहावं तसं पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसले. सासरे-सुनेचं इतकं कधी जमलं नव्हतं.

"पाव्हणे, थंडी लय आहे," मी म्हणाले. "घरात धूर, अंगणात चिखल. ऊन पाहा त्या टाकीवर कसं मस्त पडलं आहे. तिथंच बसा ना जी."

"टाकीवर?" पाव्हणे म्हणाले.

"आमच्याकडचे सारे मोठे पाव्हणे तिथंच बसते," मामंजी म्हणाले. रिटायर झालेला सरकारी माणूस इतकं सफाईनं खोटं बोलेल हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी मधोमध घोंगडं अंथरलं, त्यावर पाट ठेवला, चढायला स्टूल दिलं. पाव्हणे एक पाय, मग दुसरा पाय करत चढले आणि बसले. टाकीनं बुडबुड केलं. मामंजी जवळजवळ पळतच फळीपाशी गेले, बोटं लावली, परत लावली, आणि मला तिथूनच हाताची सहा बोटं दाखवली, एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक. ताईनं डोक्यावर पदर घेतला, भासऱ्यांकडे पाठ केली आणि कढईत दूध ओतलं. आमच्याकडे भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत, समोरही येत नाहीत. त्यामुळे ती तिकडे वळली नाही, आणि मला वाटलं बरंच झालं, तिला हसू आलं असतं तर सगळं फसलं असतं.

आच निळी, धारदार लागली. दूध चढायला लागलं. ताईचा सराटा, म्हणजे मोठं उलथणं, कढईत फिरायला लागला, आणि इकडे टाकी, जसजसा गॅस जळत होता तसतशी, हळूहळू खाली जायला लागली. पाव्हण्यांसकट. आधी ते कुंपणावरून सगळा रस्ता पाहत होते. चहाच्या पहिल्या कपाला त्यांना फक्त रस्त्यावरच्या माणसांची डोकी दिसत होती. दुसऱ्या कपाला कुंपणच दिसत होतं. मामंजी त्यांच्याशी पाऊसपाण्याच्या गोष्टी बोलत होते आणि बोलताना मान दर पाच मिनिटांनी जरा खाली करत होते. मी तोंडात पदर कोंबून कॉकपाशी बसले होते. या माणसाला आपण खाली चाललो हे कळत कसं नाही, आईशपथ मला उमगत नव्हतं.

मग त्यांनी खिशातून बिडी काढली. गॅसच्या टाकीवर बसून. मामंजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. "बिडी नाही जी," ते ओरडलेच, मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे... म्हशीला खोकला होते." पाव्हण्यांनी गंभीरपणे म्हशीकडे पाहिलं आणि बिडी कानावर ठेवली. मामंजींनी त्यांना स्वतःचा खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, दिला. एरवी ते खर्रा पोटच्या पोराला देत नव्हते.

तीन कप चहा पाजण्यात माझी आणखी एक चूक झाली. दूध आटून घट्ट झालं होतं, आता दहा मिनिटं जोराची आच आणि मग कमी, नेमकी तीच वेळ, आणि पाव्हणे म्हणाले, "जरा मागं जाऊन येतो." आणि एक पाय खड्ड्याच्या काठावर टेकून अर्धे उठले. आच धपकन बसली. भट्टीकडून ताईचा आवाज आला, "बाबा, आच गेली."

"बसा," मामंजी म्हणाले. विनंती नव्हती ती, कालव्यावरच्या मजुराला देतात तशी ऑर्डर होती. "दहा मिनिटं बसा जी पाव्हणे, मागची वाट... मागच्या वाटेवर कुत्रं आहे."

आमच्याकडे कुत्रं नव्हतं. पाव्हणे मामंजींकडे पाहत राहिले, मग भट्टीकडे पाहिलं, ताईच्या पाठीकडे, आणि परत बसले. मांड्या एकमेकींवर दाबून बसले. आच आली. मी कॉकवरचा हात हलवला नाही. समोरच्या घरात खून झाला असता तरी मी मान वळवली नसती. ताई म्हणाली, "आता," आणि मी कॉक अर्धा बंद केला. खवा कढईच्या कडा सोडून मध्ये गोळा झाला, पांढरा, मऊ, कडेला तूप सुटलेलं.

हलवाई आला तेव्हा पाव्हणे टाकीसकट जवळजवळ जमिनीला लागले होते. त्यांचं नुसतं धड वर दिसत होतं. हलवायानं विचारलं, "हे इथं काय करून राहिले?"

"पाव्हणे आहेत," मामंजी म्हणाले.

मग हलवायानंच त्यांना हात देऊन वर ओढलं आणि पाव्हणे कुत्र्याची पर्वा न करता मागं गेले. हलवायानं चिमूटभर खवा तळहातावर घेतला, अंगठ्यानं चोळला, गोळी केली, जिभेवर ठेवली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. माणूस खवा खातो की वकिली करतो कळेना, इतका वेळ लावला. शेवटी म्हणाला, "उद्यापासून रोज धाडा. असाच पाहिजे, रोज असाच."

ताई मटकन खाली बसली. मामंजींनी वही काढली, पण त्यांना काही लिहिता आलं नाही, त्यांचे डोळे भरले होते. मी ताईच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी कट्टे तांदूळ होऊन आले. पाव्हणे पोटभर जेवले. मामंजींनी घसा खाकरून विषय काढला, "तर पाव्हणे, शब्द दिल्याप्रमाणे..." पाव्हणे म्हणाले, "हाव जी, पाहिलं मी," आणि आणखी भात मागितला.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्या पोटात सकाळचं हसू अजून शिल्लक होतं. जिंकल्यावर माणूस जरा उदार होतो, म्हणून म्हटलं, "पाव्हणे, आज तुम्हाले बसवूनच ठेवलं, राग नका मानू."

"राग कायचा?" ते मोपेड वळवत म्हणाले. "आमच्या घरी पण गोबरगॅस आहे. जोर कमी पडला का आई मलेच बसवते."

मी मोपेडपुढे आडवी झाले. "आणि ती बिडी?"

"माचिस कुठं होती माझ्यापाशी? मजा पाहून राहिलो होतो तुमची."

"मंग आधीच काहून नाही सांगितलं जी?"

"सांगितलं असतं तर उठा लागलं असतं," ते म्हणाले. "उठलो असतो तर खवा बिघडला असता, आणि तिले घेऊन जा लागलं असतं. आईनं त्याच्यासाठीच धाडलं होतं." ते हँडलकडे पाहत होते. "तिनं दोन वर्षं आमचं सारं केलं. मले कळत होतं. पण मी भासरा, मले काही तिच्याशी बोलता येत नाही. बसता येते, तर बसलो."

मला सकाळपासून केलेली सगळी थट्टा आठवली आणि मान वर करता येईना. खाली पाहतच विचारलं, "मंग आता घरी आईले काय सांगाल?"

त्यांनी मोपेडला किक मारली, ती तिसऱ्यांदा लागली.

"सांगतो, तिले टाइम नाही."